पुन्हा तेच औषध : नाशिक शहरातील दीर्घकालीन उपचारांच्या चिठ्ठीविषयी एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

ताप, खोकला किंवा जखम यांवरील उपचाराला आरंभ असतो तसा शेवटही असतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, अवटु ग्रंथीची मंदता, अपस्मार, हृदयविकार या आजारांची गोष्ट वेगळी आहे. येथे निदान एकदा होते, चिठ्ठीही बहुधा एकदाच विचारपूर्वक लिहिली जाते; औषध मात्र वर्षानुवर्षे, पुष्कळदा आयुष्यभर, घ्यावे लागते. त्यामुळे दर महिन्याला एक लहानसा प्रसंग पुन्हा पुन्हा उद्भवतो. गोळ्या संपत आलेल्या असतात आणि तेच औषध पुन्हा मिळवावयाचे असते. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की, त्यात काही निर्णय घेतला जातो याची जाणीवही कोणास राहत नाही. वस्तुतः ‘हेच औषध, ह्याच मात्रेत, आणखी एक महिना’ हा प्रत्येक वेळी नव्याने घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. हा निर्णय कोण घेतो, कोणत्या आधारावर घेतो आणि तो घेण्याचा अधिकार कायद्याने कोणास दिला आहे, या तीन प्रश्नांचा विचार येथे नाशिक शहर समोर ठेवून केला आहे.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असून ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेही व्यक्तींची संख्या त्या पाहणीत सुमारे १० कोटी १० लक्ष धरली आहे. हे प्रमाण ध्यानी घेता नाशिकसारख्या शहरातील बहुतेक घरांत कोणी ना कोणी रोजची गोळी घेत असणार, हे उघड आहे. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, विकसित देशांतदेखील दीर्घकालीन आजारांवरील औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी निम्मेच भरते. औषध ठाऊक आहे, बाजारात उपलब्ध आहे, तरीही ते रुग्णाच्या पोटात नियमाने जात नाही, अशी ही स्थिती आहे. तिची कारणे अनेक आहेत. परंतु औषध पुन्हा मिळविण्याची पद्धत हे त्यांतील एक प्रमुख कारण असून ते सुधारणे तुलनेने सोपे आहे.

२. बाटलीचा काळ

आजची पद्धत समजण्यासाठी तिच्या आधीची पद्धत आठवणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि लहान गावांतून त्यानंतरही बराच काळ, डॉक्टरांचा दवाखाना हेच औषध मिळण्याचे ठिकाण होते. रुग्ण घरून बाटली नेई. कंपाउंडर तीत मिश्रण भरून देई. बाटलीवर मात्रांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी डकविलेली असे आणि सोबत कागदी पुड्या मिळत. औषध बहुधा दोन-तीन दिवसांचे असे. ते संपले की रुग्ण किंवा घरचे कोणी तीच बाटली घेऊन परत येई. ‘तेच द्यावयाचे की बदलावयाचे’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे आपोआप उभा राही.

या पद्धतीत अनेक दोष होते. बाटलीत काय आहे हे रुग्णास कळत नसे, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ आल्यास दाखविण्यास काही नसे. तथापि एक गुण तीत निसर्गतःच होता : औषधाची मुदत हीच तपासणीची मुदत होती. बाटली रिकामी होणे म्हणजे डॉक्टरांची भेट होणे असा तो संबंध होता. पुढे कारखान्यात तयार झालेल्या, वर्ष-दोन वर्षे टिकणाऱ्या गोळ्या आल्या. दवाखाना आणि औषधाचे दुकान हे दोन स्वतंत्र व्यवसाय झाले. डॉक्टर लिहू लागले, दुकानदार देऊ लागला. त्याबरोबर औषध संपणे आणि डॉक्टरांकडे जाणे यांतील संबंध तुटला. तो कागदाने पुन्हा जोडावा लागला, आणि त्या कागदाचे नाव चिठ्ठी.

डॉक्टरांनी आपल्याच रुग्णास औषध देण्याची जुनी रीत कायद्याने आजही पूर्णपणे मिटविलेली नाही. औषध नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘के’मध्ये नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकास आपल्या रुग्णापुरते औषध देण्याची सवलत आहे, मात्र त्याने उघडे दुकान चालविता कामा नये, अशी अट आहे. परंतु दीर्घकालीन उपचारांचा भार आज मुख्यत्वे चिठ्ठी आणि औषधाचे दुकान यांवरच आहे.

३. नियम ६५ काय सांगतो

रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीने १९३१ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यानंतर १९४० मध्ये औषधविषयक अधिनियम आला आणि १९४५ मध्ये त्याखालील नियम झाले. किरकोळ विक्रीसंबंधीच्या अटी या नियमांतील ६५ व्या नियमात आहेत. पुन्हा औषध देण्याचा प्रश्न या नियमाने स्पष्टपणे हाताळला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते.

प्रथम चिठ्ठी म्हणजे काय, हे नियम सांगतो. चिठ्ठी लेखी असावी. तिच्यावर लिहिणाऱ्याची नेहमीची सही व तारीख असावी. ज्याच्यासाठी औषध आहे त्याचे नाव व पत्ता असावा. आणि द्यावयाच्या औषधाचे एकूण परिमाण व घ्यावयाची मात्रा नमूद असावी. ‘एकूण परिमाण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘सकाळी एक गोळी’ एवढे लिहून चिठ्ठी पूर्ण होत नाही. अशा किती गोळ्या, हेही लिहावे लागते.

त्यानंतर पुनरावृत्तीविषयी तीन अटी येतात. अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ व ‘एक्स’ यांतील औषधे असलेली चिठ्ठी, ती एकाहून अधिक वेळा चालेल असे लिहिणाऱ्याने तिच्यावरच नमूद केले नसेल तर, एकदाच चालते. ही पहिली अट. किती वेळा किंवा किती अंतराने द्यावे असे नमूद असेल तर त्याप्रमाणेच द्यावे लागते, ही दुसरी. आणि औषध देताना विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर लिहिणाऱ्याच्या सहीच्या वर नोंदविली पाहिजे, ही तिसरी. याच नियमात अशीही तरतूद आहे की, चिठ्ठीतील ‘एच’ व ‘एक्स’ या अनुसूचींमधील औषधाऐवजी विक्रेत्याने दुसरे औषध, मग त्यातील घटक तेच असोत वा नसोत, देऊ नये.

रक्तदाबावरील अम्लोडिपीन व अटेनोलॉल ही अनुसूची ‘एच’मधील औषधे आहेत. मेटफॉर्मिन व इन्शुलिन अनुसूची ‘जी’मध्ये येतात, ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर असते. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची ‘एच-१’मध्ये आरंभी ४६ औषधे होती. तीत क्षयरोगावरील व काही उच्च श्रेणीची प्रतिजैविके यांबरोबर अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी झोपेची व चिंताशामक औषधे आहेत. यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते.

यावरून दिसते की, कायद्याने पुनरावृत्तीस बंदी घातलेली नाही. ती करण्याचा अधिकार मात्र त्याने चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हाती ठेवला आहे. ‘दर ३० दिवसांनी, सहा वेळा’ एवढे पाच शब्द लिहिले की दीर्घकालीन रुग्णाचा सहा महिन्यांचा मार्ग कायदेशीरपणे मोकळा होतो. ते लिहिले नाहीत तर पहिल्या खरेदीनंतर तो कागद त्या औषधापुरता संपलेला असतो.

४. कागद कोणाजवळ राहतो

नियम व व्यवहार यांतील अंतर कोठे पडते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील पद्धतीशी तुलना उपयोगी पडेल. तेथे ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकाचे नाव एका स्थानिक डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदलेले असते. दीर्घकालीन औषध संपत आले की रुग्ण त्या दवाखान्यास कळवितो. कर्मचारी नोंद पाहतात. डॉक्टर मंजुरी देतात. आणि चिठ्ठी औषधाच्या दुकानात जाते. कागदी चिठ्ठी असेल तर ती दुकानदाराकडेच राहते, कारण तिच्या आधारे त्यास सरकारकडून पैसे मिळतात. २००५ पासून एकाच वेळी अनेक महिन्यांच्या चिठ्ठ्या मंजूर करून ठेवण्याचीही सोय झाली. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीवर पुनर्विचाराची एक तारीख असते. ती उलटून गेली की पुनरावृत्ती थांबते व रुग्णास बोलाविले जाते.

नाशिकमध्ये, किंबहुना भारतात सर्वत्र, चिठ्ठी रुग्णाजवळ राहते. ती प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या तपासण्यांच्या कागदांबरोबर घडी घालून ठेवलेली असते. डॉक्टरांकडे तिची प्रत बहुधा नसते. दुकानदाराकडे बिलाची नोंद असते, पण चिठ्ठी नसते. संपूर्ण वृत्तान्त एकट्या रुग्णाच्या हाती असतो. यात एक फार मोठी सोय आहे : रुग्ण कोणत्याही डॉक्टरकडे व कोणत्याही दुकानात जाऊ शकतो. परंतु याच कारणामुळे चिठ्ठीवरील शिक्क्यास असाधारण महत्त्व प्राप्त होते. कागद परत रुग्णाच्या हाती जाणार असल्यामुळे तो एकदा वापरला गेला आहे, हे सांगणारी खूण कागदावरच असली पाहिजे. दुकानाचे नाव व तारीख यांची नोंद ही ती खूण होय. ती केली गेली नाही तर चिठ्ठी सदैव ताजी राहते. नियम ६५ मध्ये चिठ्ठीच्या वयाची मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे शिक्का हाच या व्यवस्थेतील एकमेव लगाम ठरतो.

व्यवहारात कागदही मागे पडतो आणि त्याची जागा रिकाम्या पट्टीने घेतली जाते. गोळ्यांची संपलेली पट्टी दुकानात दाखवून ‘हीच द्या’ असे सांगणे, हा आज पुनरावृत्तीचा सर्वांत रूढ प्रकार आहे. पट्टीवर औषधाचे नाव असते, परंतु रुग्णाचे नाव, मात्रा, तारीख व सही यांपैकी काहीही नसते. ती चिठ्ठी नव्हे. ती फक्त वस्तूचा नमुना आहे. त्यातही कापून दिलेल्या पट्टीच्या तुकड्यावर कित्येकदा मुदतीची तारीख व उत्पादनाचा क्रमांक उरत नाही, म्हणजे नमुनाही अपुरा राहतो.

५. नाशिकमधील निरनिराळ्या वाटा

नाशिकच्या रुग्णास दीर्घकालीन औषध मिळण्याच्या मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट खाजगी दवाखाना व औषधाचे दुकान यांची. गोळे कॉलनी हा भाग औषधांच्या घाऊक व्यापारासाठी शहरात परिचित आहे. तेथून माल शहरभरच्या किरकोळ दुकानांत जातो. औषध मिळण्याची अडचण या वाटेवर सहसा नसते. अडचण असते ती डॉक्टरांच्या तपासणी शुल्काची व वेळेची. प्रकृती ठीक असताना केवळ ‘तेच चालू ठेवा’ हे ऐकण्यासाठी पुन्हा शुल्क भरावयाचे, ही गोष्ट रुग्णास पटत नाही. म्हणून तो परस्पर दुकानात जातो. दुकानदारही ओळखीच्या गिऱ्हाइकास नाही म्हणत नाही. आणि त्याने नाही म्हटले तर रुग्णाचा रक्तदाब वाढेल, हेही खरेच असते.

दुसरी वाट सार्वजनिक रुग्णालयांची. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा सामान्य रुग्णालय, शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, महानगरपालिकेची डॉ. झाकीर हुसेन व बिटको ही रुग्णालये यांचा तीत समावेश होतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. केसपेपरचे शुल्कही त्याबरोबर गेले. पैशाची अडचण येथे दूर झाली, परंतु वेळेची राहिली. केसपेपर, तपासणी व औषधखिडकी अशा तीन रांगांत रोजंदारीवरील कामगाराचा अर्धा-पाऊण दिवस जातो. पेठसारख्या तालुक्याच्या गावाहून येणाऱ्यास पन्नासहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. त्याचा पूर्ण दिवस व एस. टी. चे भाडे हीच त्या निःशुल्क औषधाची किंमत ठरते.

तिसरी वाट कर्मचारी राज्य विमा योजनेची. १९४८ च्या अधिनियमाने उभी राहिलेली ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी प्रथम कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये तिला महत्त्व आहे. सातपूर येथे योजनेचे रुग्णालय आहे. २०१७ पासून योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कामगाराचे नाव ठरावीक दवाखान्याशी जोडलेले असणे आणि उपचाराची नोंद तेथे राहणे, हे या योजनेचे वैशिष्ट्य इंग्लंडमधील पद्धतीस सर्वांत जवळचे आहे. परंतु नोकरी सुटली किंवा वेतन मर्यादेपलीकडे गेले की ही वाट बदलते. रोग मात्र तोच राहतो.

चौथी वाट दूरध्वनी किंवा चित्रसंभाषणाद्वारे सल्ल्याची. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांनी पाठपुराव्याचा सल्ला देताना चालू औषध पुन्हा लिहून देता येते, हे या तत्त्वांनी स्पष्ट केले. अनुसूची ‘एक्स’मधील तसेच गुंगीकारक व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे यातून वगळली आहेत. पुनरावृत्तीसाठी दवाखान्यात यावेच लागते, ही समजूत यामुळे निराधार ठरते. डॉक्टर दूरवरूनही चिठ्ठी देऊ शकतात. ती मात्र सही-तारखेसह खरी चिठ्ठी असली पाहिजे.

६. दोन परस्परविरुद्ध धोके

पुनरावृत्तीची व्यवस्था फार कडक केली तर एक धोका उद्भवतो आणि फार सैल केली तर दुसरा.

पहिला धोका खंडाचा. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. म्हणून गोळ्या संपल्या तरी रुग्णास काही जाणवत नाही, आणि आठ दिवसांचा खंड महिन्याचा होतो. काही औषधांच्या बाबतीत तर अचानक खंड हाच आघात असतो. अटेनोलॉलच्या वर्गातील औषधे एकाएकी बंद केल्यास हृदयशूल बळावू शकतो. अपस्मारावरील औषध थांबल्यास झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम सोडल्यास अधिवृक्क ग्रंथी शरीराची गरज भागवू शकत नाहीत आणि जीव धोक्यात येतो. अशा रुग्णास नवी चिठ्ठी नाही म्हणून रविवारी रात्री परत पाठविणे, हे नियमाचे पालन असले तरी उपचार नव्हे.

दुसरा धोका अखंडतेचा. औषध चालूच राहते आणि रुग्णाचे शरीर मात्र बदलत जाते. मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाची क्षमता वयाबरोबर उतरते. ती ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर हे औषध देऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनची मात्रा रक्ततपासणीवाचून ठरविताच येत नाही. थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. गुडघेदुखीसाठी पंधरा दिवसांपुरती दिलेली वेदनाशामक गोळी जुन्या पट्टीच्या आधारे वर्षभर घेतली जाते आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर तिचा परिणाम मूत्रपिंडावर होतो. यांपैकी एकही गोष्ट दुकानाच्या फळीवरून दिसत नाही.

या दोहोंत भर पडते ती नावांच्या घोटाळ्याची. एकच घटक अनेक व्यापारी नावांनी विकला जातो. एका दुकानात एक नाव मिळाले नाही म्हणून दुसरे दिले जाते. घरी गेल्यावर वृद्ध रुग्ण ते नवे औषध समजतो आणि शिल्लक राहिलेल्या जुन्या गोळीबरोबर तेही घेतो. परिणामी मात्रा दुप्पट होते. औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, ही भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये घातलेली अट या दृष्टीने केवळ किमतीपुरती नाही. ती पुनरावृत्तीच्या सुरक्षिततेचीही आहे.

७. पट्ट्यांचे गणित

एक साधी दिसणारी, परंतु परिणामाने मोठी अडचण वेष्टनांच्या आकारातून उद्भवते. गोळ्यांच्या पट्ट्या दहाच्या, चौदाच्या, पंधराच्या अशा निरनिराळ्या असतात. समजा, सातपूर येथील कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज तीन औषधांची प्रत्येकी एक गोळी घेतात आणि त्या तीन औषधांच्या पट्ट्या अनुक्रमे १०, १४ व १५ गोळ्यांच्या आहेत. तिन्हींची एकेक पट्टी त्यांनी एकाच दिवशी सुरू केली व संपेल तशी एकेक आणली, तर तिन्ही औषधे पुन्हा एकाच दिवशी केव्हा संपतील? १०, १४ व १५ यांचा लघुतम साधारण विभाज्य २१० आहे. म्हणजे २१० व्या दिवशी, जवळजवळ सात महिन्यांनी. तोपर्यंत कोणत्या ना कोणत्या औषधासाठी त्यांना पहिल्या ६० दिवसांतच १०, १४, १५, २०, २८, ३०, ४०, ४२, ४५, ५०, ५६ व ६० या बारा दिवशी दुकान गाठावे लागेल.

बारा खेपांपैकी एखादी चुकणे स्वाभाविक आहे. जी खेप चुकते ती बहुधा महाग गोळीची किंवा ‘काही जाणवत नाही’ अशा गोळीची असते. याउलट, चिठ्ठीवर तिन्ही औषधांचे एकूण परिमाण ३० गोळ्या असे लिहिले आणि ते एकाच दिवशी दिले, तर ६० दिवसांत दोनच खेपा पुरतात. म्हणजे नियम ६५ मधील ‘एकूण परिमाण’ हे दोन शब्द पाळण्यात रुग्णाचा प्रत्यक्ष लाभ आहे. पैशाच्या अडचणीमुळे रुग्णाने ३० ऐवजी १० च गोळ्या घेतल्या तर शिक्क्याबरोबर दिलेली संख्याही लिहिली जावी. नाहीतर उरलेल्या वीस गोळ्यांचा हिशेब कोणापाशीही राहत नाही.

८. पुनरावृत्तीची चिठ्ठी कशी असावी

वरील विवेचनावरून चांगल्या चिठ्ठीची लक्षणे सांगता येतात. रुग्णालयांतील नोंदींत ‘सी. एस. टी.’ अशी तीन अक्षरे नेहमी आढळतात; ‘पूर्वीचाच उपचार चालू ठेवावा’ असा त्यांचा अर्थ. वॉर्डातील परिचारिकेजवळ मागील कागद असल्याने तेथे ती पुरतात. तीच अक्षरे बाह्यरुग्णाच्या चिठ्ठीवर आली की निरुपयोगी ठरतात, कारण त्यांत औषधाचे नाव नाही, मात्रा नाही व परिमाणही नाही.

त्याऐवजी चिठ्ठीवर पुढील पाच गोष्टी असाव्यात : औषधाचे मूळ नाव व मात्रा, ३० दिवसांचे एकूण परिमाण, ‘दर ३० दिवसांनी, एकूण इतक्या वेळा’ असा स्पष्ट आदेश, पुढील तपासणीची तारीख व त्यापूर्वी करावयाची रक्ततपासणी, आणि कोणती लक्षणे दिसल्यास त्या तारखेची वाट पाहू नये, याची एक ओळ. स्थिर रक्तदाबाच्या रुग्णास सहा पुनरावृत्त्या देता येतील. वॉरफॅरिनच्या रुग्णास रक्ततपासणीच्या अंतराहून अधिक देऊ नयेत. झोपेच्या औषधास शक्यतो एकही देऊ नये. चिठ्ठीच्या तळाशी शिक्क्यांसाठी सहा रिकामे चौकोन छापले तर दुकानदाराचे काम सोपे होते, आणि शेवटचा चौकोन भरला की रुग्णास आपोआप कळते की आता डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली. जुन्या बाटलीचे काम अशा रीतीने कागद करू लागतो.

या योजनेत दुकानातील फार्मासिस्टचे स्थान गौण नाही. औषधनिर्माणशास्त्र अधिनियम, १९४८ याच्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचेच आहे. दर महिन्याला रुग्णाची भेट ज्याच्याशी निश्चितपणे होते असा आरोग्यव्यवस्थेतील एकमेव प्रशिक्षित मनुष्य तोच असतो. ‘मागच्या गोळ्या किती उरल्या?’ हा त्याचा एक प्रश्न खंड पडला आहे की नाही, हे सांगून जातो. ‘पाय सुजतात का?’ हा दुसरा प्रश्न अम्लोडिपीनचा दुष्परिणाम उघड करतो.

ग्रामीण भागासाठी याच तत्त्वाचा उपयोग सरकारी व्यवस्थेने केला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे आरंभीच होते. ठरावीक उपचारपद्धती, ३० दिवसांचे औषध आणि रुग्णाच्या घराजवळील केंद्रातून पुन्हा पुरवठा ही त्याची सूत्रे आहेत. आज आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजून डॉक्टरांनी ठरविलेले औषध पुढे चालू ठेवतो. निर्णय डॉक्टरांचा, पुरवठा जवळचा आणि मोजमाप दर महिन्याचे, अशी ही विभागणी आहे. नाशिकसारख्या शहरातील खाजगी दवाखाने व दुकाने यांच्यातही ती होऊ शकते. तीसाठी नवा कायदा लागत नाही.

९. अभ्यासासाठी काही प्रश्न

नाशिक येथे १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. वैद्यक, औषधनिर्माण, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांचे अभ्यासक शहरात आहेत. त्यांना हाती घेता येण्याजोगे काही मर्यादित, परंतु उपयुक्त प्रश्न असे :

(१) दीर्घकालीन औषधांच्या चिठ्ठ्यांपैकी किती चिठ्ठ्यांवर एकूण परिमाण व पुनरावृत्तीचा आदेश आढळतो?

(२) एकाहून अधिक वेळा वापरल्या गेलेल्या चिठ्ठ्यांपैकी कितींवर विक्रेत्याची नोंद असते?

(३) रिकाम्या पट्टीवर औषध घेणाऱ्या रुग्णांची शेवटची तपासणी केव्हा झाली होती?

(४) खंड पडण्याचे कारण पैसा, वेळ, अंतर की विस्मरण, आणि ते पंचवटी, सिडको, नाशिकरोड व लगतची खेडी यांत कसे बदलते?

(५) शिक्क्यांचे चौकोन असलेली चिठ्ठी वापरल्यास सहा महिन्यांनी रक्तदाबाच्या नियंत्रणात फरक पडतो काय?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी रुग्णांच्या पिशव्यांतील कागद, त्यांच्या संमतीने आणि नावे वगळून, पाहणे पुरेसे आहे. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. मात्र असा अभ्यास करताना दोष शोधण्याची दृष्टी ठेवू नये. चिठ्ठीविना गोळी देणारा दुकानदार नियम मोडतो, परंतु कित्येकदा तोच रुग्णाचा खंड टाळतो. पुनरावृत्ती न लिहिणारा डॉक्टर सावध असतो, परंतु कित्येकदा त्याच सावधपणामुळे रुग्ण परस्पर दुकानाकडे वळतो. नियमाने दिलेला अधिकार डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून वापरला, दुकानदाराने तो शिक्क्याने मान्य केला आणि रुग्णाने शेवटच्या चौकोनानंतर तपासणी करून घेतली, तर तिघांचीही या विसंगतीतून सुटका होईल.